मंडळीच्या उपासनेत पियानो-कीबोर्ड वाजवताना : खानदेशातील नव्या वादकांसाठी मार्गदर्शन

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाच्या, उपासनेत साथ करणाऱ्याकडून अपेक्षा एकच असते. समोर बसलेल्या माणसांना मोकळेपणाने आणि एका सुरात गाता यावे, मग त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी संगीत शिकलेले नसले तरी चालेल. पट्टी (म्हणजे गीताचा ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते) कोणती घ्यावी, लय किती ठेवावी, आवाज किती सोडावा आणि कुठे हात आवरावा, हे सारे निर्णय या अपेक्षेवरून ठरतात. परीक्षांच्या पाठ्यक्रमातून पियानो शिकलेल्या मुलामुलींचा हात चांगला तयार असतो, पण माणसे गात असताना त्यांच्या श्वासाबरोबर वाजवण्याची सवय त्यांना नसते; आणि घरी पेटीवर बसून ऐकून शिकलेल्यांना ही सवय असते, पण डाव्या हाताचे काय करायचे ते उमगत नाही. हा लेख दोघांसाठीही आहे.

आपल्या भागातील मंडळ्यांचे गायन एका साच्याचे नाही, हे आरंभीच लक्षात घ्यावे. धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने आणि भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केले, त्यामुळे पाश्चात्त्य चालींची गीते येथे रुजली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजने मराठी मंडळीच्या उपासनेत आणली, आणि ती आजही पेटी-तबल्यावर गायिली जातात. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात मावची, भिली आणि पावरी बोलींतील गीते असतात. तरुण संघाच्या मुलांना हिंदी गीते हवी असतात. एकाच रविवारी या चारही प्रकारांना साथ करावी लागू शकते आणि प्रत्येकाची साथ निराळी असते.

वाद्य आणि त्याची देखभाल

खरा लाकडी पियानो आपल्याकडे क्वचितच आढळतो, आणि त्याला कारणही आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा पूर्ण कोरडी होते आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरून फुगते. दोनशेहून अधिक तारांचा ताण ज्या लाकडी फळीवर आणि खुंट्यांवर अवलंबून असतो, त्यांना ही ओढाताण सोसत नाही. तुमच्या मंडळीत जुना पियानो असेलच, तर तो उन्हाच्या खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा, वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून सुरात लावून घ्यावा आणि आतमध्ये उंदीर वा वाळवी शिरलेली नाही ना हे दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे.

बहुतेकांच्या हाती ६१ पट्ट्यांचा (काळ्या-पांढऱ्या कळांचा) कीबोर्ड येतो आणि मंडळीच्या गायनाला तो पुरेसा आहे. विकत घेताना शेकडो आवाज आणि ठेके किती आहेत याकडे पाहू नये. बोटाच्या दाबानुसार आवाज कमी-जास्त होतो का, सूर लांबवणारे सस्टेन पेडल जोडता येते का, आणि सेलवर चालतो का, या तीन गोष्टी पाहाव्यात. वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. अनेक छोटे कीबोर्ड सहा सेलवर चालतात, आणि घरगुती उपासनेला त्यांच्या अंगच्या स्पीकरचा आवाज पुरतो. वीज गेल्याबरोबर ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणण्याची सवय लावून घ्यावी, नाही तर वीज परत येताना जो धक्का बसतो त्याने स्पीकर खराब होतो आणि प्रार्थनेत असलेली माणसेही दचकतात. सुरू करताना आधी कीबोर्ड आणि शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर आणि मग कीबोर्ड, हा क्रम कधीही मोडू नये. पेडलची पिन कीबोर्ड सुरू करण्यापूर्वीच लावावी आणि सुरू होत असताना त्यावर पाय ठेवू नये. अनेक कीबोर्ड त्या क्षणी पेडलची स्थिती ओळखतात आणि पाय दाबलेला असल्यास ते उलटे वागू लागते, म्हणजे पाय उचलला की सूर लांबतो आणि दाबला की तुटतो.

उन्हाळ्यात पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि गीतांचे सुटे कागद उडतात. कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून वर कपड्यांचे दोन चिमटे लावावेत. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत कीबोर्ड दुपारभर ठेवू नये, आणि धुळीसाठी त्यावर नेहमी सुती कापड टाकावे.

पट्टी ठरवणे

नव्या वादकाने सर्वांत जास्त वेळ कशावर खर्च करावा असे कोणी विचारले, तर मी पट्टी ठरवण्यावर असे सांगेन. बोटे थोडी अडखळली तरी मंडळी गात राहते. पट्टी उंच लागली की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी माणसे गप्प होतात आणि उरलेली खालच्या सप्तकात उतरतात.

आधी शब्दांचा मेळ बसवून घ्यावा. आपल्याकडचे गायक ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ असे सांगतात. इंग्रजी नावांत पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, असे मोजत पांढरी सात म्हणजे बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे ए फ्लॅट आणि काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. हा तक्ता इतका पाठ हवा की गायकाने पट्टी सांगताच हात तेथे जावा.

आता कोणतेही गीत घ्या आणि त्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. सामान्य मंडळीला मधल्या सीच्या खालच्या ए पासून वरच्या सप्तकातील डी पर्यंत आरामात गाता येते. स्त्रिया तेथे गातात आणि पुरुष त्याच ओळीला एक सप्तक खाली राहतात. गीताचा वरचा सूर या डी च्या पुढे जात असेल तर पट्टी उतरवावी. सकाळी आठच्या उपासनेत गळे उघडलेले नसतात, म्हणून पहिले गीत आणखी अर्धा सूर खाली घ्यायला हरकत नाही.

‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताच्या चालीवर हे करून पाहू. फ्रान्झ ग्रुबर यांनी ती चाल १८१८ च्या नाताळासाठी, गिटारच्या साथीवर बांधली. चाल सोपी वाटते. पण तिचा पल्ला मोठा आहे. ती पंचमावर (प) सुरू होते, शेवटच्या ओळीच्या आधी तार सप्तकातील मध्यमापर्यंत (म) चढते आणि खालच्या षड्जावर (सा) विसावते. म्हणजे पांढरी एक पट्टीत वाजवली तर वरचा सूर एफ येतो, आणि तो आपल्या मंडळीतील मावश्या-काकांना ओढून घ्यावा लागतो. काळी पाच पट्टीत तो ई फ्लॅट होतो. पांढरी सहा पट्टीत डी होतो आणि खालचा सूर मधल्या सीखालच्या ए वर टेकतो. म्हणून साध्या मंडळीसाठी पांढरी सहा घ्यावी आणि तयार गायकवृंद सोबत असेल तर काळी पाच. कॉर्डही (एकत्र वाजवायचे सूरसमूह) तीनच लागतात: षड्जाची, मध्यमाची आणि पंचमाची. पांढरी सहा पट्टीत ए, डी आणि ई. पहिल्या ओळीत ए सोडू नये. दुसऱ्या ओळीत आधी ई आणि मग परत ए. तिसऱ्या ओळीत डी वर जाऊन ए वर यावे आणि चौथीत तेच पुन्हा. पाचव्या ओळीत जेथे सूर सर्वांत वर जातो तेथे ई आणि मग ए. शेवटच्या ओळीत ए, ई, ए. लय दादऱ्यासारखी सहा मात्रांची आहे, मात्रेचा वेग मिनिटाला शंभरच्या आसपास ठेवला की ते गीत डुलतही नाही आणि रेंगाळतही नाही. एवढे एक गीत नीट बसवले की तीन कॉर्डवर चालणारी कितीतरी गीते हाताखाली येतात.

कीबोर्डवरचे ट्रान्सपोजचे बटण वापरण्यात कमीपणा नाही. सगळी गीते पांढरी एकच्या ठशात वाजवून बटणाने पट्टी बदलता येते आणि आरंभीच्या वर्षात त्याचा आधार घ्यावा. मात्र प्रत्येक गीतानंतर ते शून्यावर आणावे आणि पुढच्या गीताआधी पडद्यावरचा आकडा पाहावा. त्यासोबतच डी, एफ, जी, ए आणि बी फ्लॅट या पट्ट्या हळूहळू हाताने शिकाव्यात, कारण जुन्या पियानोवर वा दुसऱ्या गावच्या अनोळखी कीबोर्डवर बटण शोधत बसायला वेळ मिळत नाही.

गीत सुरू करणे, श्वास आणि लय

गीताआधीचे वादन मंडळीला तीन गोष्टी सांगते: चाल कोणती, पट्टी कोणती, लय कोणती. ओळखीच्या गीतासाठी शेवटची ओळ पूर्ण वाजवणे पुरे होते. नव्या गीतासाठी पूर्ण कडवे वाजवावे, आणि त्यात चालीचा सूर स्वच्छ ऐकू यावा. सुरुवातीच्या वादनाची लय आणि गाण्याची लय तंतोतंत एकच असली पाहिजे. पुष्कळ वादक प्रस्तावना सावकाश वाजवतात आणि गाणे सुरू झाले की वेग घेतात; मग लोकांचा पहिला शब्द हुकतो. प्रस्तावनेच्या शेवटी लय मंदावू नये. शेवटचा सूर त्याच्या पूर्ण मात्रांइतका धरावा, हात उचलावा, एक श्वास घ्यावा आणि मंडळीसह पहिल्या शब्दावर यावे.

हा श्वास वादकाने खरोखर घ्यायचा असतो. वाजवताना शब्द मनात म्हणा, शक्य असेल तर ओठांनी म्हणा. ओळ संपते तेथे तुम्हाला श्वास लागतो, तसाच तो शंभर माणसांना लागतो, आणि तेवढी जागा तुमच्या बोटांनी सोडली पाहिजे. दोन कडव्यांमधील अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवावे. पहिल्या दोन कडव्यांनंतर लोक ते अंतर नकळत शिकतात आणि तिसऱ्या कडव्याला सगळे एकदम उठतात. अंतर बदलत राहिले तर प्रत्येक कडव्याची सुरुवात विस्कळीत होते.

मंडळी गाताना मागे खेचते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. मोठ्या सभागृहात मागच्या बाकांपर्यंत आवाज उशिरा पोहोचतो, वयस्क माणसे शब्द लांबवतात, आणि वादक प्रत्येक ओळीला त्यांच्यासाठी थांबला की गीत कडव्यागणिक संथ होत जाते. येथे डावा हात कामाला येतो. खालचा सूर प्रत्येक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ठाम आणि किंचित आखूड वाजवावा, म्हणजे पुढचा ठोका लोकांना आधीच जाणवतो. आवाज वाढवून लय ओढता येत नाही, ठोका स्पष्ट करून ती धरता येते. दुसऱ्या टोकाला, वादकच घाईत असेल तर शब्दांचा अर्थ लोकांच्या तोंडात उरत नाही. पश्चात्तापाच्या गीताची आणि पुनरुत्थानाच्या गीताची चाल एक असली तरी लय एक असू शकत नाही, ती शब्द वाचून ठरवावी.

मराठी शब्द पाश्चात्त्य चालीवर बसवलेले असतात, तेथे कधी ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर येते आणि आघात भलत्या जागी पडतो. अशा जागी वादकाने समेचा ठोका हलका करावा आणि मंडळीला शब्दाप्रमाणे पुढे जाऊ द्यावे.

साथीसाठी कीबोर्डमधला तयार ठेका लावण्याचा मोह होतो. मंडळीच्या गायनात तो लावू नये, असे माझे ठाम मत आहे. यंत्र श्वासासाठी थांबत नाही, कडवे गाळले तर त्याला कळत नाही, आणि ज्या बाईंनी डोळे मिटून गीत म्हणायला घेतले आहे त्यांना ते फरफटत नेते. तरुण संघाच्या कार्यक्रमाची गोष्ट निराळी.

दोन हातांची कामे

सुरुवातीला उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने कॉर्डचा मूळ सूर एवढेच वाजवावे. ते स्थिर झाले की चालीच्या सुराखाली त्याच कॉर्डचे दोन सूर उजव्या हातातच जोडावेत, म्हणजे चाल सर्वांत वर, करंगळीत राहते आणि स्पष्ट ऐकू येते. चार सुरांत लिहिलेली स्वरलिपी वाचता येत असेल तर वरचे दोन सूर उजव्या आणि खालचे दोन डाव्या हाताने, जसे लिहिले तसे वाजवणे सर्वांत उत्तम. ती रचनाच गाणाऱ्यांसाठी केलेली असते. गीतपुस्तकात बहुधा शब्दच असतात, म्हणून चाल ऐकून स्वतःच्या वहीत उतरवण्याला पर्याय नाही.

पियानोचा सूर वाजताच विरू लागतो. सावकाश गीतात लांब सुरावर कॉर्ड संपून जाते आणि लोकांखालचा आधार निघून जातो. तेथे कॉर्ड मध्येच हलकेच पुन्हा वाजवावी किंवा तिचे सूर एकामागून एक सोडावेत. कीबोर्डवर पियानोच्या आवाजाखाली स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा) अगदी मंद आवाज जोडला तर हीच पोकळी भरते. मात्र तो मंदच हवा.

पेडलचा पाय कॉर्ड वाजल्यानंतर दाबावा आणि पुढची कॉर्ड वाजताक्षणी उचलून लगेच पुन्हा दाबावा. आपली अनेक चर्चे फरशीची आणि पत्र्याच्या छताची आहेत, तेथे आवाज आधीच घुमतो. अशा जागी पेडल जवळजवळ न वापरणे हेच चांगले. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळू लागली की उलट होते, कोणालाच काही ऐकू येत नाही. तेव्हा एक सप्तक वर जाऊन चालच मोठ्याने वाजवावी, कॉर्डांचा विचार सोडून द्यावा.

आवाजाची पातळी तुमच्या जागेवरून कळत नाही. उपासनेच्या आधी कोणाला तरी वाजवायला बसवून तुम्ही शेवटच्या बाकावर जा आणि ऐका. उपासना चालू असताना कसोटी अशी: मंडळीचा आवाज तुम्हाला वाद्याच्या वर ऐकू आला पाहिजे, येत नसेल तर तुम्ही मोठ्याने वाजवत आहात.

पेटी, तबला आणि भजने

आपल्या मंडळ्यांत बहुधा पेटीवाले काका आधीपासून असतात आणि ते तुमच्यापेक्षा अधिक गीते जाणतात. कीबोर्ड आला म्हणून पेटी मागे सारू नये. पाश्चात्त्य चालीच्या गीताला कीबोर्डने पुढाकार घ्यावा आणि पेटीने चाल धरावी. भजनाला पेटीने पुढाकार घ्यावा आणि कीबोर्डने मागे राहावे, हे आधीच बोलून ठरवावे.

दोन्ही वाद्ये एकत्र वाजण्यापूर्वी सूर जुळतात का ते पाहावे लागते. पेटीची पट्टी कारागिराने जशी लावली तशी राहते, कीबोर्ड मात्र ४४० हर्ट्झच्या ए वर लावलेला असतो, आणि दोहोंत थोडे अंतर असले तरी कानाला खुपते. पेटी जागेवर बदलता येत नाही, म्हणून कीबोर्डने जुळवून घ्यायचे. कीबोर्डवर ऑर्गनसारखा न विरणारा आवाज निवडा, पेटीवर षड्ज धरायला सांगा, तोच सूर कीबोर्डवर धरा. सूर जुळत नसतील तर आवाजात एक लाट वर-खाली होताना ऐकू येईल. कीबोर्डच्या मास्टर ट्यूनचा (सगळे सूर एकदम किंचित वर-खाली करणाऱ्या सोयीचा) आकडा थोडा थोडा बदलत जा; लाट संथ होत होत थांबली की सूर जुळले. तो आकडा वहीत लिहून ठेवा, पेटी तीच असेतोवर तो साधारण तोच राहील, फक्त ऋतू बदलला की पुन्हा तपासावा.

भजनात कॉर्ड वाजवणे धोक्याचे असते. भैरवीतील भजनाला पाश्चात्त्य पद्धतीची पंचमाची मेजर कॉर्ड दिली की तिच्यातला शुद्ध निषाद आणि शुद्ध ऋषभ रागाच्या कोमल सुरांवर आदळतो आणि गाणाऱ्यांचा सूर हलतो. भैरवीत षड्ज, कोमल गांधार आणि पंचम. मध्यम, कोमल धैवत आणि षड्ज. कोमल धैवत, षड्ज आणि कोमल गांधार. किंवा कोमल ऋषभ, मध्यम आणि कोमल धैवत, असे रागातलेच सूर एकत्र करावेत. काफीच्या सुरांत षड्जाची मायनर आणि मध्यमाची मेजर चालते. यमनात मध्यम तीव्र आहे, म्हणून शुद्ध मध्यमाची कॉर्ड मुळीच घेऊ नये. षड्जाची आणि पंचमाची पुरते, आणि ऋषभाची मेजर तीव्र मध्यमाला आधार देते. राग ओळखू येत नसेल तर फक्त षड्ज आणि पंचम धरून ठेवावेत. ते सुरक्षित असते आणि बहुतेक भजनांना शोभतेही.

तबला किंवा ढोलक असेल तर ठोका त्यांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा, दादरा सहांचा. डाव्या हाताने समेवर एक सूर द्यावा आणि मधल्या मात्रा त्यांच्यासाठी मोकळ्या सोडाव्यात.

न सांगता सुरू झालेले गीत

गावाकडच्या उपासनेत साक्ष देणारी बहीण उभी राहते आणि मनातले गीत आपल्याच पट्टीत सुरू करते. नवापूरकडच्या मावची गीतांत तर हेच नेहमीचे असते. अशा वेळी घाईने पट्ट्या चाचपडू नयेत. कीबोर्डचा आवाज अगदी कमी करा, ध्रुवपद एकदा पूर्ण ऐका आणि ते ज्या सुरावर विसावते तो गुणगुणून धरा. बहुधा तोच षड्ज असतो. तो एका बोटाने शोधा, त्याला पंचम जोडा. दोन्ही गाण्यात मिसळले तर पट्टी सापडली. मग गांधार शुद्ध आहे की कोमल ते कानाने ठरवा, आणि दुसऱ्या कडव्यापासून हळूहळू आवाज वाढवा. गाणाऱ्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच असेल तर वाजवूच नये. टाळ्या आणि ढोल पुरतात.

उपासनेचा क्रम आणि मौन

गीतांची नावे पाळकांकडून निदान गुरुवारपर्यंत घ्यावीत. वहीत प्रत्येक गीतासाठी एक ओळ असावी: गीताचा क्रमांक, पट्टी, लय, कोणती कडवी गायची, प्रस्तावना कोणत्या ओळीची. शनिवारी गीत चालवणाऱ्यासोबत एकदा बसावे आणि रविवारी अर्धा तास आधी पोहोचावे.

उपासनेआधीचे वादन शांत असावे आणि त्या दिवशीच्या पहिल्या गीताच्या पट्टीकडे घेऊन जाणारे असावे. शास्त्रपाठाच्या वेळी वाद्य पूर्ण बंद हवे. प्रार्थनेखाली वाजवावे की नाही हे पाळकांना विचारावे. वाजवायचे झाल्यास दोन कॉर्ड, खालच्या सप्तकात, चालीशिवाय. ओळखीची चाल वाजली की लोकांचे मन प्रार्थनेतून त्या गीताच्या शब्दांकडे जाते. मला स्वतःला प्रार्थनेत शांतताच अधिक योग्य वाटते, पण हा निर्णय वादकाचा नाही.

अर्पणाच्या वेळी थैली फिरवणाऱ्यांकडे लक्ष ठेवावे आणि ते वेदीपाशी पोहोचताना ओळ संपवावी, मध्येच तोडू नये. प्रभुभोजनाला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही; तीन संथ गीते तयार ठेवावीत आणि ती पुन्हा पुन्हा, कडव्यागणिक थोडी निराळी वाजवावीत. एकदा फक्त उजव्या हाताने, एकदा एक सप्तक वर, एकदा केवळ कॉर्ड. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) अनेक ठिकाणी वाद्य कमीत कमी ठेवतात, ती रीत विचारून घ्यावी. मे महिन्यातील लग्नांत वधू ठरल्या वेळी दारात येत नाही, म्हणून प्रवेशाचे संगीत कोठेही लांबवता येईल असे बसवावे, आणि नोंदवहीवर सह्या होत असताना वाजवायला आणखी दोन गीते हाताशी ठेवावीत.

वाजवताना चूक झाली तर थांबू नये आणि मागे जाऊ नये. डावा हात हरवला तर उजव्याने चाल चालू ठेवावी. तोही हरवला तर हात उचलावेत, पुढच्या ओळीच्या आरंभी परत यावे. मंडळी तेवढा वेळ वाद्याशिवाय गाऊ शकते. मंडळीने एखादे कडवे गाळले किंवा ध्रुवपद दोनदा म्हटले तर वहीत काय लिहिले आहे ते विसरून त्यांच्याबरोबर जावे. शेवटच्या कडव्याला अर्धा सूर चढवण्याची पद्धत गायकवृंदाशी ठरले असेल तरच वापरावी.

मंडळीत दुसरा वादक तयार करण्याचे काम पहिल्या वर्षापासूनच हाती घ्यावे. शाळेतल्या एखाद्या मुलीला वा मुलाला शेजारी बसवून पाने उलटायला द्यावीत, मग अर्पणाचे एक सोपे गीत द्यावे, कारण त्या वेळी लोकांचे लक्ष वादकाकडे नसते आणि अडखळले तरी ओझे वाटत नाही. पट्ट्या आणि लय लिहिलेल्या वहीची एक प्रत चर्चच्या कपाटात राहू द्यावी, म्हणजे तुम्ही परगावी असलात तरी रविवारी जो कोणी कीबोर्डसमोर बसेल त्याला मंडळीची नेहमीची पट्टी सापडेल.